नऊच्या अलीकडे

जिभेला हाड नसतं म्हणतात. हे ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याने धाकटी सिस्टर पाहिलेली नसावी. तिच्या जिभेला हाड होतं, आणि ते 'प' आणि 'न' या दोन अक्षरांपाशी हमखास आडवं यायचं. बाकीची अक्षरंही अधूनमधून त्रास द्यायची, पण ती पाहुण्यासारखी, आली आणि गेली. 'प' आणि 'न' मात्र घरजावयासारखे ठाण मांडून बसले होते.

वय त्रेचाळीस, तरी धाकटी. त्याचं कारण थोरली. इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात या दोघी सिस्टर चौदा वर्षं जोडीने काम करत होत्या. थोरली उंच, आवाजाने खणखणीत, आणि धाकटीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. कोणीतरी कधीतरी थोरली-धाकटी म्हटलं आणि ते चिकटलं. धाकटी हातमोजे घालून हत्यारांच्या टेबलापाशी उभी राहायची, थोरली आकडे लिहायच्या फळ्यापाशी. आणि दोघींचं मिळून एक काम होतं, ते म्हणजे मोजणं.

पोट उघडण्याआधी दहा मॉप मोजायचे. मॉप म्हणजे रक्त टिपायचे जाड कापडी चौकोन, प्रत्येकाला एक नाडी. पोट शिवण्याआधी ते पुन्हा मोजायचे. दहा घेतले असतील तर दहाच परत यायला हवेत. नऊ भरले तर दहावा कुठे राहिला, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्या थिएटरातली पद्धत अशी की दोघींनी एकदम, मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि इथेच गंमत होती. दुसरा आवाज सोबत असला की धाकटीच्या जिभेतलं हाड विरघळून जायचं. पाच म्हणताना काही नाही, नऊ म्हणताना काही नाही, गाडी रुळावरून जावी तसे आकडे जायचे. असं का होतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने कोणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे बोलायचं.

बाकी थिएटरात बोलायची गरजच पडत नसे. सर्जनने हात पुढे केला की त्याने मागायच्या आत हवं ते हत्यार त्याच्या तळहातावर पडायचं. मोठे सर्जन सगळ्यांना सांगायचे, "सिस्टर असावी तर अशी. चौदा वर्षांत वायफळ एक शब्द नाही." लोकांनी मौनाला गुण समजावं आणि आपण गप्प राहून ते कौतुक गोळा करावं, यात धाकटीला थोडी लबाडी वाटायची. पण कौतुक कोणाला नको असतं?

थिएटरच्या बाहेर तिने आयुष्यभर शब्दांची अदलाबदल केली होती. 'पुस्तक' अडेल असं वाटलं की 'वही' म्हणायचं आणि बोटाने दाखवायचं. 'नको' अडलं की मान हलवायची. निम्म्या वेळा तिला जे म्हणायचं असे ते ती म्हणतच नसे. जे म्हणता येईल ते म्हणायची. उरलेलं काम नवऱ्याकडे होतं.

नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माणूस सोन्यासारखा, फक्त धीर नावाची वस्तू देवाने त्याला दिली नव्हती. धाकटी अडली की तो वाक्य पूर्ण करून टाकायचा. यात त्याची माया होती, बायकोला लोकांसमोर ताटकळत ठेवायचं नाही ही जिद्द होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात फळवाल्यापुढे ती "प... प..." करत उभी राहिली आणि तो झटकन म्हणाला, "पेरू! दोन किलो द्या." तेव्हापासून सतरा वर्षं घरात पेरू येत होते. "हिला पेरू फार प्रिय," असं तो पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. धाकटी पेरू खायची आणि दाढेत अडकलेल्या बिया जिभेने काढत बसायची. त्याची दहातली आठ वाक्यं बरोबर यायची. उरलेल्या दोनांसाठी कुठे भांडत बसायचं?

मग थोरली निवृत्त झाली, आणि तिच्या पाठोपाठ नवा नियम आला.

नियम असा: यापुढे मोजणी दोघींनी एकदम करायची नाही. टेबलावरच्या सिस्टरने एकटीने मोठ्याने मोजायचं, फळ्यापाशी असलेल्या सिस्टरने ऐकून लिहायचं. दोन आवाज एकदम लागले की एकीची चूक दुसरीच्या आवाजात झाकली जाते, असं कारण कागदावर दिलं होतं. धाकटीने कागद दोनदा वाचला. तिला राग यायला हवा होता, पण कारण तिला पटलं. तिथूनच तिच्या डोक्यातला गोंधळ सुरू झाला.

पहिल्या दिवशी ती चारपर्यंत आली आणि पाचच्या दारात उभी राहिली. शब्दांची अदलाबदल करून जगणाऱ्या माणसाची खरी पंचाईत आकड्यांपाशी होते. पाचला दुसरं नाव नाही. पाचच्या जागी 'चारच्या पुढचा' म्हणता येत नाही. ओठ मिटलेले, मास्कच्या आत घाम, आणि आवाज शून्य. मोठ्या सर्जननी मान वर केली.

"सिस्टर, बरं वाटत नाही का?"

तिने मान हलवली. फळ्यापाशी थोरलीच्या जागी एक नवी सिस्टर आली होती, नोकरीला तीन महिने झालेली. तिने हळूच म्हटलं, "पाच?" आणि लिहून टाकलं.

आठवडाभर हेच. कधी भूलतज्ज्ञ आकडा पुरवायचा, कधी सर्जन. सगळे प्रेमाने. आणि प्रेमाने पुरवूनही वेळ जातो तो जातोच, म्हणून शेवटी कोणीतरी तक्रार केली. मेट्रनबाईंनी तिला बोलावून घेतलं.

मेट्रनबाई काही दुष्ट नव्हत्या. कडक होत्या, आणि त्यांना चष्मा पुसत बोलायची सवय होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तुला बोलायला त्रास होतो, हे मला चौदा वर्षांत कळलं नाही, ही माझी चूक. पण आता कळलंय. तपासणी मंडळाकडे जा. अपंगत्वाचा दाखला आण. दाखला असला तर मी वर लिहू शकते की हिला मोजणीतून सूट द्या."

"आणि म-मग थिएटर?"

मेट्रनबाई चष्मा जास्तच पुसू लागल्या. "ते वरचे ठरवतील. दाखला असलेल्या माणसाला थिएटरात ठेवायचं की खाली निर्जंतुक सामानाच्या खोलीत पाठवायचं, ते माझ्या हातात नाही."

"आणि दाखला न... न..."

"नाही आणला तर? मग ही दिरंगाई. आणखी एक तक्रार आली की मला तुला खालीच पाठवावं लागेल."

म्हणजे दाखला आणला तर खाली जायची शक्यता, आणि नाही आणला तर खाली जायची खात्री. इकडे आड, तिकडे विहीर. वरचे लोक उंटावरून शेळ्या हाकतात हे खरं, पण शेळीने तरी कुठे जायचं? धाकटीला थिएटर सोडायचं नव्हतं. तिथल्या पांढऱ्या दिव्याखाली तिचे हात हुशार होते. खालच्या खोलीत गाठोडी बांधायची होती, आणि गाठोडी कोणालाही बांधता येतात.

तिने फॉर्म घरी आणला आणि घड्याळामागे खोचला. नवऱ्याने तो शोधून काढला, वाचला आणि भडकला.

"अपंग? तू? हातपाय धडधाकट, डोळे चांगले. दिवसभर उभी राहून काम करतेस! थोडं अडखळतेस, त्यात काय? मी जिन्यावरून पडलो तेव्हा तीन महिने लंगडत होतो, मी अपंग झालो का?"

"प... प..."

"पण लोक काय म्हणतील, हेच ना? तेच म्हणतोय मी! हात दाखवून अवलक्षण कशाला?"

तिला ते म्हणायचं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, 'पण तुमचे तीन महिने संपले.' पण तोवर नवरा रंगाचा डबा उचलून गेलासुद्धा.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात बसून खूप विचार करत राहिली. अपंग म्हणजे ज्याला एखादी गोष्ट करता येत नाही तो. बरोबर? पण तिला बोलता येत होतं. खिडकीत येणाऱ्या मांजरीशी ती घडाघडा बोलायची. गाणं म्हणताना अडायची नाही. कोणासोबत एका सुरात म्हणताना अडायची नाही. मग हे कसलं अपंगत्व, जे मांजर आली की उठून जातं? लंगडा माणूस मांजर बघून धावायला लागत नाही. मग आपण सोंग करतो का? चाळीस वर्षं? आणि सोंगच असेल तर ते टाकून का देता येत नाही? विचार करकरून तिला रडू आलं. कशाचं ते नीट कळलं नाही.

फॉर्म द्यायला ती आस्थापना खात्यात गेली. तिथले कारकून लहानपणापासून कुबडीवर चालत. त्यांनी फॉर्म बघितला. 'अपंगत्वाचा प्रकार' या ओळीवर काही लिहिलेलं नव्हतं. तिने त्यांच्या टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि त्यावर लिहिलं, 'तुम्हाला काय वाटतं, मी आहे का?'

कारकूनकाका हसले. "सिस्टर, मला विचारता? मी या गावचा जुना रहिवासी खरा, पण नकाशा माझ्याकडेही नाही. या इमारतीला लिफ्ट नव्हती तेव्हा मला रोज दोघं उचलून वर आणायचे. तेव्हा मी पक्का अपंग होतो, विचारा कोणालाही. आता लिफ्ट आहे. मी वर येतो, काम करतो, खाली जातो. पाय तोच आहे. मग मी कधी बरा झालो?"

"म-म्हणजे काय?"

"म्हणजे मलाही कळत नाही," ते म्हणाले आणि शिक्का मारला. "लिफ्ट बंद पडली की मात्र लगेच कळतं."

याने गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. त्यांना लिफ्ट मिळाली. बोलण्याची लिफ्ट कुठे बसवतात?

तपासणी मंडळात टेबलामागे तिघं बसले होते. एक कान-घशाचे डॉक्टर, एक मेंदूचे, आणि एक फक्त सही करणारे. कान-घशाचे डॉक्टर इतके मायाळू होते की तिथेच सगळं बिनसलं. नाव त्यांनी स्वतःच वाचलं, "तुम्हीच ना?" तिने मान डोलावली. "थिएटरात सिस्टर? वा." तिने मान डोलावली. मग त्यांनी एक कागद पुढे केला आणि म्हणाले, "यावरचे आकडे मोठ्याने म्हणा. घाबरलात? अहो घाबरायचं काय त्यात, मी आहे ना. चला, माझ्याबरोबर म्हणा. एक, दोन..."

आणि ते तिच्याबरोबर म्हणू लागले.

तीन, चार, पाच. धाकटीच्या लक्षात आलं तेव्हा ती सहावर होती. तिने अडायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण दुसरा आवाज शेजारी असताना तिची जीभ लोण्यासारखी झाली होती. नऊ. दहा. एकोणीस, वीस. डॉक्टरांनी टाळी वाजवली. उताराही त्यांनी तसाच, तिच्या सोबतीने, वाचून घेतला. एक अक्षर चुकलं नाही. सही करणाऱ्यांनी पेन उघडलं.

"न... न... न..." ती म्हणाली. तिला सांगायचं होतं, 'नाही हो, तुम्ही सोबत बोललात म्हणून.'

"नक्की खात्री आहे का, असंच ना?" डॉक्टर हसले. "शंभर टक्के! हे आत्ता अडखळलात ना, ती फक्त भीती. सगळ्यांचं होतं. उगाच मनात काही घेऊ नका. पुढचा!"

कागदावर लिहिलं होतं: बोलण्यात दोष आढळला नाही. आयुष्यभर जे वाक्य ऐकायला ती आसुसली होती ते शिक्क्यानिशी तिच्या हातात पडलं, आणि तिला फुटपाथवर बसून ओरडावंसं वाटलं. घरी आल्यावर तिने आरशासमोर मुद्दाम अडखळून पाहिलं. दुसऱ्यांदा तपासणी मागितली तर? पण मुद्दाम केलेलं अडखळणं इतकं खोटं वाटलं की तिलाच हसू आलं. खरं अडखळणं ती म्हणेल तेव्हा येत नव्हतं, आणि ती नको म्हणेल तेव्हा जात नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. थोरली गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. धाकटीने सगळं सांगितलं. थोरलीपुढे ती अडायची, पण कमी. थोरलीने मध्ये एकदाही शब्द पुरवला नाही. शेवटी म्हणाली, "मला वाटलंच होतं, एकटीला मोजायला लावलं की तुझं कठीण आहे."

"तुम्हाला म-माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. अगं, म्हणून तर मी पाच आणि नऊ जरा आधी उचलायचे. केसभर. तू मागून आलीस की सोबत व्हायची."

चौदा वर्षं! कोणीतरी चौदा वर्षं रोज तिच्यासाठी केसभर आधी निघत होतं आणि एका शब्दाने बोललं नव्हतं. तिने थोरलीचा हात धरला. आणि लगेच, हात हातात असतानाच, एक भलताच विचार तिच्या मनात आला.

"ताई, मग मी मोजत होते, की तुमच्या मागे न-नुसतं म्हणत होते?"

थोरलीने वर घेतलेले पाय खाली सोडले. "हे मी कधी मनात आणलं नाही," ती म्हणाली. "दोघी मिळून चुकलो असतो तर कळलंच नसतं की."

म्हणजे नियम बरोबर होता. म्हणजे मदतही बरोबर होती. आणि दोन्ही बरोबर असून धाकटीला कुठे उभं राहायचं ते कळत नव्हतं. तिने मंडळाचा कागद मेट्रनबाईंना दिला. त्यांनी वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "आता मी काय करू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज तिच्यासारखाच हरवलेला होता. "कागदावर तू ठणठणीत आहेस. म्हणजे आता एक तक्रार आली, की झालं."

ती तक्रार येण्याची वेळ चौथ्या दिवशी सकाळी आली.

पोटाचं ऑपरेशन होतं, अपेक्षेपेक्षा लांबलेलं. मोठे सर्जन दमले होते. बाहेर पुढचा रुग्ण गाडीवर झोपून वाट बघत होता. आतलं काम संपलं, आणि त्यांनी म्हटलं, "मोजा सिस्टर, शिवायला घेतो."

नव्या सिस्टरने वापरलेले मॉप चिमट्याने खालच्या चादरीवर ओळीने मांडले होते. धाकटीने वरून बोटाने दाखवत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पाचला ती अडली, तीन सेकंद, पण निघाली. सहा. सात. चादर संपली. टेबलावर उरलेला आठ. आणि त्याच्या शेजारचा...

नऊ आलाच नाही. जीभ टाळूला चिकटून बसली. पण या वेळी अडचण जिभेचीच नव्हती. डोळ्यांना दिसत होतं की टेबलावर दोनच आहेत. चादरीवर सात, टेबलावर दोन. पुढे काही नव्हतं.

"न... न..."

"नऊ, दहा," मोठे सर्जन म्हणाले. अगदी मऊ आवाजात, तिला सोडवावं म्हणून. "दहा पूर्ण. लिहा."

फळ्यापाशी नवी सिस्टर होती. तिचं काम ऐकून लिहायचं. तिने ऐकलं आणि लिहिलं: १०.

सर्जननी सवयीने तळहात पुढे केला. त्या तळहातावर आता सुई आणि धागा पडायचा होता.

खरं सांगायचं तर त्या क्षणी धाकटीला सुटल्यासारखं वाटलं. आकडा कोणीतरी पुरवला होता. वेळ गेला नव्हता. तक्रार होणार नव्हती. तिने फक्त हात पुढे करायचा होता, जसा चौदा वर्षं केला. आणि वाटलं, आपलीच मोजायची चूक असेल. सगळे धडपणे बोलणारे दहा म्हणतात, फळ्यावर दहा आहे, मंडळाने आपल्यालाही ठणठणीत ठरवलं आहे. अडखळणाऱ्या माणसावर कोणाचा विश्वास नसतो, त्याचा स्वतःचाही नसतो. थांबवलं तर दिरंगाई, आणि दिरंगाई म्हणजे खालची खोली.

तिने पुन्हा मोजलं, मनातल्या मनात. मनात ती कधी अडत नसे. नऊ.

तिने सुई दिली नाही.

सर्जनचा हात हवेत तसाच राहिला. चौदा वर्षांत तो हात पहिल्यांदा रिकामा थांबला होता. "सिस्टर, धागा," ते म्हणाले. धाकटीने सुई धरलेला हात छातीशी घेतला आणि दुसरा हात वर केला, पंजा उघडा, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा.

"न... न... न..."

"काय हवंय?" "नवी सुई?" "नको?" चहूबाजूंनी शब्द येऊ लागले. ती प्रत्येकाला मान हलवत होती. तिला भयंकर राग आला होता, तो कोणावर हे तिला सांगता आलं नसतं. जिभेवर, त्या सगळ्या मायाळू माणसांवर, पेरूवर. शेवटी भूलतज्ज्ञ म्हणाला, "थांबा हो. बोलू द्या त्यांना."

सगळे गप्प झाले. यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती. धाकटीने डोळे मिटले नाहीत, शब्द बदलला नाही, कारण बदलायला दुसरा शब्द नव्हता. सात सेकंद गेले असतील.

"न... नऊ," ती म्हणाली. "दहावा दिसत न-नाही."

सर्जननी फळ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि ओठ हलवत स्वतः मोजलं. मग हात पुन्हा पोटात घातला. उजव्या बाजूला, यकृताच्या मागे, रक्ताने भिजून आतल्यासारखाच झालेला दहावा मॉप नाडीसकट बाहेर आला. नवी सिस्टर रडू लागली. "आधी फळा पुसा, मग रडा," सर्जन म्हणाले. आणि धाकटीकडे वळून, "पहिल्यापासून मोजा."

तिने मोजलं. पाचला अडली, नऊला अडली. कोणी काही पुरवलं नाही. चाळीस सेकंद लागले. मग तिने सुई दिली.

दुपारी मेट्रनबाईंच्या टेबलावर घटनेचा अहवाल होता. मोठे सर्जन येऊन सांगून गेले होते: आकडा मी बोललो, चूक माझी. मेट्रनबाईंचं पेन 'कारण' या रकान्यावर अडलं होतं.

"मला सांग, काय लिहू?" त्या म्हणाल्या. "तू अडखळलीस म्हणून सरांना बोलावं लागलं, हे खरं की नाही?"

"खरं."

"सर गप्प राहिले असते तर तू नऊ म्हणाली असतीस, हेही खरं?"

"खरं."

"मग दोष कुठे होता? तुझ्यात, की... काय म्हणायचं त्याला?"

धाकटी विचार करत राहिली. मेट्रनबाई थांबल्या, त्यांनी चष्मासुद्धा पुसला नाही.

"म-मला माहीत न-नाही," धाकटी म्हणाली.

"मलाही नाही," मेट्रनबाई म्हणाल्या आणि रकाना कोरा ठेवला. मग दुसरा कागद घेऊन त्यांनी एक ओळ लिहिली आणि थिएटरच्या भिंतीवर, फळ्याच्या वर चिकटवायला सांगितली: मोजणी चालू असताना मोजणाऱ्याशिवाय कोणीही आकडा उच्चारायचा नाही. खालच्या खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना त्यांनी विचारलं, "तुझ्या नोंदीत अपंगत्वाच्या ओळीवर काय घालू? हो की नाही?" आणि उत्तराची वाट न बघता, बहुधा पहिल्यांदाच कोणावर उपकार म्हणून, ती ओळही कोरी सोडली.

संध्याकाळी नवरा तिला घ्यायला आला. हाताला निळा रंग लागलेला. कोपऱ्यावरच्या फळवाल्यापाशी दोघं थांबले. फळवाल्याने विचारलं, "ताई, काय देऊ?"

"प..."

"पे..." नवऱ्याचं तोंड उघडलं आणि हात पेरूंच्या ढिगाकडे गेला. धाकटीने पंजा वर केला, सकाळसारखाच. तो चपापला. तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मागे दोन गिऱ्हाइकं चुळबूळ करत उभी होती, त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही.

"प... प... पपई," ती म्हणाली.

फळवाला पपई दाबून बघू लागला. नवरा तिच्याकडे बघतच राहिला, हातात पेरू तसाच.

"तुला पपई आवडते?" तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पहिलंच अक्षर 'प' होतं. तो थांबला.